अकोल्याचे रोल : सरकी, तूप आणि दोन वह्या

माझ्याकडे पाककृतींच्या दोन वह्या आहेत. एक आईची, अकोल्याची. दुसरी सासूबाईंची, अमरावतीची. दोन्हींत क्रीम रोलची कृती आहे. आईच्या वहीत मथळा आहे 'क्रीम रोल (डालड्याचे)', आणि त्या पानावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत निळ्या शाईची एक तिरपी रेघ मारलेली आहे. सासूबाईंच्या वहीतला मथळा 'अकोल्याचे रोल' असा आहे. त्यात डालडा नाही, घरचं तूप आहे. बाकी कृती जवळजवळ शब्दशः आईची.

मी इतिहास शिकलेली नाही. बी.कॉम. झाले, एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहिले आणि फावल्या वेळात वऱ्हाडच्या कापसाबद्दल जे हाती लागेल ते वाचत गेले. पण या दोन पानांनी मला जितकं फिरवलं, तितकं दुसऱ्या कशाने नाही. प्रश्न साधे होते. भट्टी नसलेल्या दोन मध्यमवर्गीय घरांत हा विलायती पदार्थ शिरला कसा? एकीने तो डालड्यात आणि दुसरीने तुपात का केला? आणि आईने ते पान का खोडलं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

दिवाळसणाचा डबा

माझं लग्न मे १९९४ मधलं. पहिल्या दिवाळसणाला आम्ही दोघं अकोल्याला गेलो. निघताना आईने स्टीलच्या डब्यात चाळीस क्रीम रोल भरून दिले. थरांमध्ये कागद, आणि चॉकलेट लावलेली बाजू वर येईल अशी मांडणी. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेत आणि पुढे ऑटोत मी तो डबा मांडीवर धरून आणला.

सासूबाईंनी झाकण उघडलं, एक रोल नाकाशी नेला आणि विचारलं, "तूप कोणतं?"

"डालडा," मी म्हटलं.

त्यांनी रोल जागच्या जागी ठेवला. "आपल्या घरात डालडा येत नाही." आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. डबा दोन दिवस कपाटावर राहिला आणि मग भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या मुलांकडे गेला. आईने शेजारच्यांच्या फोनवर विचारलं, "आवडले का सगळ्यांना?" मी हो म्हटलं.

सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. त्यांचं माहेर अचलपूरच्या बाजूचं, दारात म्हशी. त्या भागातली म्हैस जातिवंत. जनावरांच्या पुस्तकांत जिला 'नागपुरी' म्हणतात, तिचीच दुसरी नावं 'एलिचपुरी' आणि 'बरारी', म्हणजे अचलपूरची आणि वऱ्हाडची. लग्नानंतरही त्यांना वर्षाचं तूप गावाहून यायचं. आमच्या अकोल्याच्या घरात वडील शिक्षक, आम्ही चार भावंडं. साजूक तूप सणावारी वरणावर, देवाच्या निरांजनात आणि आजारी माणसाच्या मऊ भातात. बाकी सगळ्याला डालडा.

त्या काळच्या बोलण्यात 'डालडा' ही शिवीही होती. नकली माणूस, नकली दागिना, नकली पुढारी म्हणजे डालडा. त्या डब्यासोबत आईलाही कुणीतरी तसं म्हटलं, असं मला वाटलं आणि ते मनात राहिलं. पुढे आईच्या वहीतली रेघ दिसली, तेव्हा मी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या.

चिरोट्याचं कवच

क्रीम रोलचं कूळ युरोपातलं. ऑस्ट्रियात पदर सुटणाऱ्या पिठाची पट्टी नळीवर गुंडाळून भाजतात आणि आत अंड्याच्या पांढऱ्याचा गोड फेस भरतात. त्याला तिथे 'शाउमरोले', म्हणजे फेसाचा रोल, असंच नाव आहे. इंग्रजांकडे त्याचा 'क्रीम हॉर्न' झाला. आत फेटलेली साय आली. आपल्याकडच्या बेकऱ्यांनी खारीचंच पीठ नळीवर गुंडाळलं आणि आत वनस्पती तूप व साखर फेसून भरली. अंडं गेलं, सायही गेली. अंड्याच्या शंकेने जिथे केक उंबऱ्याबाहेर थांबला, तिथे क्रीम रोल सरळ आत गेला, त्याचं हे मोठं कारण.

चॉकलेट मात्र त्याचं मूळचं नाही. क्रीम भरलेल्या लांबट पावावर चॉकलेटचा थर देण्याची पद्धत फ्रेंच 'एक्लेअर'ची, आणि त्याचं पीठ अंड्याचं असतं. आईच्या वहीत 'वरून चॉकलेट' ही ओळ वेगळ्या शाईत, मागाहून लिहिलेली आहे. धाकट्या भावाचा हट्ट. कोको पावडर, पिठीसाखर, थोडं दूध आणि चमचाभर डालडा मंद आचेवर घोटायचं आणि रोलची एक बाजू त्यात बुडवून काढायची.

घरी भट्टी नव्हती. दिवाळीच्या आधी नानकटाईसाठी मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे लावून रांगेत बसायचं आणि भाजलेली नानकटाई डब्यात भरून आणायची, ही रीत आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पण रोलचं काम नाजूक. नळ्यांवर गुंडाळलेलं पीठ घेऊन रिक्षात बसणं शक्य नव्हतं. म्हणून आई रोल तळायची.

तिची कृती अशी. चार वाट्या मैद्यात चार चमचे गरम मोहन आणि चिमूटभर मीठ घालून घट्ट भिजवायचा. अर्धी वाटी डालडा आणि तितकीच तांदळाची पिठी तळहाताने फेसून साटा करायचा. तीन पातळ पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर साटा पसरून एकावर एक ठेवायच्या, घट्ट वळकटी करायची, ती पुन्हा चौकोनी लाटायची आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. पट्टी नळीवर अशी गुंडाळायची की प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढेल. मग मंद आचेवर तळायचं. थंड होण्याआधी नळी हलक्या हाताने फिरवून काढायची. थंड झाली की रोल तुटतो.

ज्यांनी चिरोटे केले आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल की यात नवं फक्त नळीचं आहे. पोळ्यांची उतरंड, साटा, वळकटी, पदर सुटण्यासाठी मंद तळण, हे सगळं आधीपासून हातात होतं. आतल्या क्रीमचंही तसंच. परातीत तूप घेऊन तळहाताने गोल गोल घासत राहायचं, मध्ये थंड पाण्याचा हबका द्यायचा, आणि पिवळट गोळ्याचा पांढराशुभ्र फुगीर फेस करायचा, हे नानकटाईसाठी घराघरांत चाले. आयुर्वेदातलं शतधौत घृत, भाजलेल्या कातडीला लावायचं शंभरदा धुतलेलं तूप, हेही त्याच हाताचं काम. आई पाव किलो डालडा वीस-पंचवीस मिनिटं फेसायची आणि मग तितकीच पिठीसाखर थोडी थोडी घालायची. व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब हा त्यातला एकमेव परका वास.

नळ्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्या बारा नळ्या अजून आहेत. अकोल्यात पत्र्याची कामं करणाऱ्या एका चाचांनी त्या डालड्याच्याच मोठ्या डब्याच्या पत्र्यातून कापून दिल्या. आईने झाळ लावायला सांगितली, तर त्यांनी नकार दिला: "ताई, तेलात सुटून जाईल." कथील आणि शिशाची नेहमीची झाळ साधारण १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि तळणीचं तेल त्याच्या आसपास पोचतं, हे मी पुढे वाचलं. चाचांना आकडा ठाऊक नसेल, तेल ठाऊक होतं. त्यांनी पत्र्याच्या कडा एकमेकींत मुडपून ठोकल्या. शिसं पोटात गेलं नाही, त्याचं श्रेय त्यांना.

स्वदेशी वनस्पती

पहिल्यांदा मी एक फार देखणा सिद्धान्त रचला होता.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या हाती आलेलाच होता. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयोंच्या हस्ते सुरू झाला. रुई गठ्ठे बांधून मँचेस्टरकडे गेली. सरकी इथे राहिली.

इकडे युरोपात तेल घट्ट करण्याची युक्ती निघाली. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडला की ते थिजतं. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १९११ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने 'क्रिस्को' बाजारात आणलं, ते सरकीच्या तेलाचं. आपल्याकडे हिंदुस्थान वनस्पती कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९३७ पासून 'डालडा' विकायला सुरुवात केली. माझा सिद्धान्त असा की वऱ्हाडच्या सरकीचं तेल डालड्याच्या रूपाने वऱ्हाडच्या परातीत परत आलं आणि आईच्या रोलमध्ये बसलं.

हा सिद्धान्त टिकला नाही. आपल्याकडचं वनस्पती सुरुवातीची कित्येक वर्षं मुख्यतः शेंगदाण्याच्या तेलाचं होतं. सरकीचं तेल त्यात मागाहून, सरकारने उत्तेजन दिल्यावर वाढलं; आणि पुढे तर परदेशी पाम आणि सोयाबीन तेल आलं. आईने १९७८ मध्ये विकत घेतलेल्या डब्यात कोणतं तेल होतं, हे तिला सांगणारी एक ओळही त्या डब्यावर नव्हती. सिद्धान्त सोडताना वाईट वाटलं, पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाला न जुळणारी रक्कम झाकून ठेवता येत नाही.

त्या शोधात एक नाव मात्र सापडलं. 'बेरार स्वदेशी वनस्पती'. हा कारखाना शेगावचा, म्हणजे अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आतल्या गावातला. शेगाव नगरपालिकेशी त्याचा कराचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६१ मध्ये त्याचा निकाल लागला. निकालातला कायद्याचा काथ्याकूट माझ्या कामाचा नव्हता. मी नावाशीच थबकले. ज्या वस्तूला लोक नकली म्हणत, तिच्या कारखान्याने आपल्या नावात 'स्वदेशी' लिहिलं होतं.

आणि नकली म्हणणारेही लहान नव्हते. वनस्पती तुपासारखं दिसतं आणि तुपात खपवलं जातं, म्हणून गांधीजींनी १९४० च्या दशकात त्यावर कडक टीका केली. १९५० च्या सुमारास पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदी घालावी, असं विधेयक संसदेत आणलं. निदान त्याला रंग तरी द्या, म्हणजे गिऱ्हाइकाला ओळखता येईल, ही मागणी वर्षानुवर्षं चालू राहिली. बंदी आली नाही, रंगही आला नाही. आली ती एक युक्ती. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल लावलं की गुलाबी-लाल रंग चढतो. तुपाच्या नमुन्याला तो रंग आला, की समजायचं त्यात वनस्पती आहे. बोदूँ चाचणी ती हीच. म्हणजे प्रत्येक डब्यात कारखानदाराने स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्धचा साक्षीदार बसवायचा.

याच डब्यात अ जीवनसत्त्व मिसळण्याचीही सक्ती होती, आणि तसं डब्यावर लिहिलेलं असे. आईला तेवढंच वाचता येत होतं, आणि तेवढ्यावर तिचा विश्वास होता.

सरकीची दुसरी वाट

सरकी डालड्याच्या वाटेने सापडली नाही. ती सापडली सासूबाईंच्या तुपात.

वऱ्हाडात म्हशीला काय घालतात, हे इथल्या कुणालाही विचारा. भिजवलेली सरकी, नाहीतर सरकीचं तेल काढून उरलेली ढेप. देशाच्या वायदेबाजारात, एनसीडीईएक्सवर, सरकी ढेपेचे जे सौदे होतात, त्या कराराच्या सांकेतिक नावाची शेवटची तीन अक्षरं अकोल्याची आहेत. ढेपेचा भाव म्हटला की देशात अकोल्याचं नाव निघतं.

सरकी खाल्लेल्या म्हशीचं तूप वेगळं होतं. ते अधिक घट्ट थिजतं, कण मोठा येतो. आमच्याकडच्या बायका "सरकीचं तूप कडक" म्हणतात, ते खरं आहे. पण प्रयोगशाळेत याच गुणाचा दोष होतो. तूप शुद्ध आहे की नाही, हे पाहण्याची जुनी कसोटी म्हणजे रायशर्ट-माइसल अंक. दुधाच्या स्निग्धांशात काही हलकी, वाफेबरोबर उडून जाणारी आम्लं असतात. वनस्पती तेलांत ती जवळजवळ नसतात. अंक जास्त तर तूप अस्सल, अंक कमी तर भेसळीचा संशय. सरकीवर पोसलेल्या जनावराच्या तुपात हा अंक मुळातच कमी येतो. इतकंच नाही, सरकीचं तेल ओळखण्याची जी हाल्फेन चाचणी आहे, तिलाही असं तूप कधी कधी होकार देतं. म्हणजे एक थेंबही भेसळ न केलेलं वऱ्हाडी तूप प्रयोगशाळेच्या टेबलावर भेसळीचं दिसू शकतं.

हे सरकारलाही मान्य करावं लागलं. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, त्याचे नियम १९५५ चे. त्या नियमांच्या परिशिष्टात तुपाची मानकं राज्यवार दिलेली आहेत, आणि महाराष्ट्रासह काही राज्यांपुढे दोन ओळी आहेत : एक 'कापूसपट्टा' आणि एक 'कापूसपट्टा सोडून'. कापूसपट्ट्याच्या ओळीत हा अंक कमी ठेवलेला आहे. खाली व्याख्या आहे की कापूसपट्टा म्हणजे जिथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर खाऊ घालतात आणि राज्य सरकारने तसा जाहीर केलेला भाग. पतसंस्थेतल्या दुपारच्या सुट्टीत मी ही ओळ वाचली आणि डबा खाऊन झाला तरी तशीच बसून राहिले.

ज्या तुपाच्या जोरावर सासूबाईंनी आईचा डबा कपाटावर ठेवला, त्या तुपाला शुद्ध ठरवण्यासाठी कायद्याला एक वेगळी ओळ लिहावी लागली होती. त्यांचं तूप अस्सलच होतं. पण शुद्ध आणि नकली यांच्यामधली रेघ मी समजत होते तितकी सरळ नव्हती. ती रेघ मुलखागणिक हलत होती, आणि आमच्या मुलखात ती सरकीने हलवली होती.

ऊन आणि थंडी

आईच्या पानावर खाली एक सूचना आहे : 'उन्हाळ्यात करू नये. दिवाळी, संक्रांत, हिवाळ्यातले वाढदिवस.' अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना याचं कारण सांगायला नको. पारा पंचेचाळिसापुढे जातो. कोणता स्निग्ध पदार्थ किती अंशांना वितळतो, त्या अंकाला द्रवणांक म्हणतात. वनस्पतीसाठी नियमाने तो ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान ठरवलेला होता. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं; त्यामुळे खरं चॉकलेट अकोल्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही, आणि बेकरीच्या रोलवर जे टिकतं त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं, कडक वनस्पती स्निग्ध असतं. युरोपातली फेटलेली साय इथे का चालली नाही, याचंही उत्तर तेच. विलायती पदार्थ वऱ्हाडात आला तो आपली साय वाटेत टाकूनच येऊ शकत होता.

मग सासूबाईंचे तुपाचे रोल कसे टिकत? गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात अमरावतीच्या घरी मी तीन परातींत क्रीम फेसलं. एक दुकानातल्या लोण्याचं, एक वनस्पतीचं आणि एक ढेप खाणाऱ्या म्हशीच्या तुपाचं. दुपारी स्वयंपाकघरात २९ अंश होते. तिन्ही क्रीम रोलमध्ये भरून ताटात ठेवली. लोण्याचं क्रीम पाऊण तासात कडेने ओघळायला लागलं. वनस्पतीचं संध्याकाळपर्यंत जागचं हललं नाही. तुपाचं किंचित मऊ पडलं, पण रोलबाहेर आलं नाही, आणि रात्रीच्या गारव्यात पुन्हा घट्ट झालं. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. एका घरातली एक दुपार आहे. पण सासूबाईंनी लोणी न घेता तूपच का घेतलं, आणि त्यांच्या पानावर 'गावचं तूप, विकतचं नको' असं का लिहिलं, ते मला त्या दुपारी कळलं. त्यांना ते हाताने कळलं होतं.

रेघ

सासूबाई २०१७ मध्ये गेल्या. वही माझ्याकडे आली तेव्हा 'अकोल्याचे रोल' हे शब्द पहिल्यांदा पाहिले. तेवीस वर्षांत त्यांनी ते माझ्यासमोर कधी केले नव्हते, त्यांचं नावही काढलं नव्हतं. मी वही घेऊन अकोल्याला गेले. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, स्मरण लखलखीत आहे. तेव्हाही तसंच होतं. तिला पान दाखवलं.

"हाव, मीच सांगतलं होतं त्यायले," ती म्हणाली. "तुह्या पोरीच्या बारशाले आल्या होत्या ना, तवा विचारलं. मी सांगत गेली, त्या लिहत गेल्या."

"तुला त्या डब्याचं माहीत होतं?"

"मले काय समजत नाही? डबा रिकामा आला तवा त्याच्यात साखरेचा दाणा नव्हता, पण तुह्या आवाजावरून समजलं. त्यायच्या घरी तूप होतं, आपल्या घरी नव्हतं. त्याच्यात राग कायचा?"

मग मी तिच्याच वहीतलं पान उघडलं आणि ती तिरपी रेघ दाखवली. सासूबाईंमुळे मारलीस ना, असं विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही.

बाबा २००१ मध्ये हृदयविकाराने गेले. वय अठ्ठावन्न. त्यानंतर काही वर्षांनी वर्तमानपत्रात एक लेख आला होता. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं, ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, चांगलं कमी करतं आणि हृदयाला घातक ठरतं, असं त्यात साध्या मराठीत लिहिलं होतं. आईने तो लेख कापून वहीत ठेवला होता. कागद पिवळा पडून त्याच पानाला चिकटला आहे.

"तुह्या बाबाले मीच खाऊ घातलं ना," ती म्हणाली. "रोज."

मला माहीत असलेलं सगळं मी तिला सांगितलं. बाबांच्या वडिलांनाही हाच आजार होता. बाबा विड्या ओढायचे. एका माणसाच्या मरणाचं कारण एका डब्यात शोधता येत नाही. आणि ज्या वर्षांत ती डालडा वापरत होती, त्या वर्षांत डब्यावर जीवनसत्त्वाचं नाव होतं, ट्रान्स फॅटचं नव्हतं. देशात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर तीन टक्क्यांची मर्यादा आली जानेवारी २०२१ मध्ये, दोन टक्क्यांची जानेवारी २०२२ मध्ये. हे शेवटचं मी तिला पुढच्या एका भेटीत सांगितलं. कायद्याला जे कळायला इतकी वर्षं लागली, ते अकोल्यातल्या शिक्षकाच्या बायकोला १९७८ मध्ये कुणी सांगणार होतं? तिने ऐकून घेतलं. तिला पटलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

सासूबाई डालड्याला नाही म्हणाल्या ते बरोबर ठरलं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांना शुद्धतेची काळजी होती. हृदयाचं कुणालाच माहीत नव्हतं. आणि आई ज्याला नाही म्हणू शकली नाही, त्याचं कारण किराण्याचा हिशेब होता. साजूक तूप परवडत नसलेल्या घरातही मुलांच्या हातात दिवाळीला क्रीम रोल असावा, एवढंच तिला हवं होतं. खाद्यसंस्कृतीच्या आपल्या इतिहासात मोठ्या वाड्यांचे मुदपाकखाने आहेत, हलवायांची घराणी आहेत, १९१० मधलं लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आहे. डालड्यावर चाललेल्या लाखो स्वयंपाकघरांची नोंद मात्र वाण्याच्या वहीत आणि अशा खोडलेल्या पानांवरच उरली आहे. ती पानं लाजेने फाडू नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

यंदा दसऱ्याला आई काही दिवस अमरावतीला आली. बारा नळ्या घासून ठेवल्या होत्या. सासूबाईंच्या पानावरून मी रोल केले, गावाहून आणवलेल्या तुपात. वरून चॉकलेट. आईने एक खाल्ला, आणि म्हणाली, "गोड झालं जास्त."

मी पान दाखवलं : साखर दीड वाटी.

"सव्वा सांगतली होती मी," ती म्हणाली. मग पेन मागितलं, चष्मा पुसला, आणि सासूबाईंच्या अक्षरातल्या 'दीड'वर रेघ मारून शेजारी 'सव्वा' लिहिलं.